चांदी नेच्याच्या नावातला काउल्फुस

पावसाळा लागला की धारहून मांडूकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. जहाज महाल, रूपमतीचा मंडप, दरीतून वर येणारं धुकं, येताना घेतलेली खुरासानी चिंच, हे सगळं होतं. भिंतींकडे मात्र सहसा कुणी बघत नाही. दगडांच्या सांध्यांत, कमानींच्या सावलीच्या बाजूला, जुन्या बावड्यांच्या आतल्या अंगाला या दिवसांत एक हिरवी झालर उगवते. हे नेचे. इंग्रजी शाळेत शिकलेले त्यांना फर्न म्हणतात. काळ्या चकचकीत देठाचा हंसराज आपल्या आज्यांना औषधापुरता ठाऊक होता, आणि कोरड्या खडकावर मोराच्या तुऱ्यासारखी उभी राहणारी मयूरशिखा वैद्यांना. बाकीच्यांना नाव नाही. फूल नाही, फळ नाही, वास नाही. कवीनेही फार दखल घ्यावी असं त्यांच्यात काही नाही. साहित्य मंडळाच्या अंकात त्यांचं काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. यांच्यातल्या एकाच्या नावामागे जी माणसं उभी आहेत त्यांत एक चांगला कवी आहे, आणि ज्याच्याबद्दल हा लेख आहे तो गेओर्ग फ्रीडरिश काउल्फुस या कवीमुळेच आपल्याला माहीत आहे.

तो एक म्हणजे चांदी नेचा. सह्याद्रीत हिंडणाऱ्यांना हा लगेच ओळखू येतो. महाबळेश्वर-पाचगणीच्या घाटरस्त्यांच्या कडेला, आपल्याकडे पचमढीच्या खडकांत तो भरपूर असतो. वरून साधा हिरवा. पान उलटं केलं की खालची बाजू पांढरीफेक, जणू पिठात घोळलेली. हे पान मनगटावर ठेवून वरून थाप मारली की पानाची पांढरी नक्षी कातडीवर उमटते. सहलीला गेलेली पोरं हा उद्योग तासन्‌तास करतात. ती पांढरी पूड म्हणजे पानाच्या बारीक ग्रंथींतून पाझरून वाळलेला पदार्थ. उन्हाळ्यात पान आक्रसतं, पांढरी बाजू बाहेर येते, आणि ऊन परतवून लावायला ती उपयोगी पडत असावी असं मानतात.

जुन्या पुस्तकांत याचं नाव ‘कायलँथिस फॅरिनोसा’ असं आहे. फॅरिनोसा म्हणजे पिठूळ. पण नाव इथे संपत नाही. पुढे दोन तुटक शब्द असतात, आधी ‘फोर्स्क.’ आणि मग ‘काउल्फ.’ आपण जसं गावावरून, घराण्यावरून माणूस ओळखतो तसं वनस्पतीशास्त्रात नावाच्या शेपटीवरून कळतं की हे झाड प्रथम कुणी सांगितलं आणि त्याला आजच्या घरात कुणी नेऊन बसवलं. विद्यार्थी परीक्षेला नाव पाठ करतात आणि शेपूट गाळतात. गुण जात नाहीत, पण गोष्ट जाते.

पहिला शब्द पीटर फोर्सकोलचा. हा लिनियसचा शिष्य. 1761 च्या जानेवारीत डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात एक मोहीम पाठवली, त्यात हा निसर्ग-अभ्यासक म्हणून होता. मोहिमेत माणसं सहा. येमेनच्या डोंगरांत फोर्सकोलने झाडं गोळा केली, टिपणं केली, आणि 1763 च्या जुलैत तिथेच हिवतापाने तो गेला. वय एकतीस. भाषापंडित त्याच्या आधी गेला होता. उरलेले जहाजाने मुंबईकडे निघाले, त्यांतला चित्रकार आणि नोकर वाटेतच समुद्रात गेले, डॉक्टर मुंबईत येऊन गेला. राहिला एकटा कार्स्टेन नीबूर, उत्तर जर्मनीतल्या शेतकऱ्याचा मुलगा, मोजणीदार. तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईत राहिला, घारापुरीच्या लेण्यांची मापं घेऊन चित्रं काढली, आणि जमिनीच्या वाटेने युरोपात परतला. मेलेल्या मित्राची टिपणं त्यानेच 1775 मध्ये छापून आणली. त्या पुस्तकात येमेनचा एक पिठूळ नेचा आहे. फोर्सकोलने त्याला ‘टेरिस’ या प्रजातीत घातलं होतं.

नेच्यांचं तेव्हा मोठं अडचणीचं होतं. लिनियसने झाडांची विभागणी फुलांतल्या केसरांवरून केली, पहिला वर्ग, दुसरा वर्ग अशी. ज्यांना फूलच नाही त्यांचं काय करायचं? ती सगळी त्याने शेवटच्या, चोविसाव्या वर्गात टाकली आणि त्या वर्गाला नाव दिलं त्याचा अर्थ गुपचूप लग्न करणारे. शेवाळ, बुरशी, नेचे, सगळे एका कोठडीत. लोकांनी त्या गुपितावर आपल्या कहाण्या रचल्याच होत्या. युरोपात समजूत अशी की नेच्याला बी असतं पण ते दिसत नाही, आणि ज्याच्या खिशात ते असेल तोही दिसेनासा होतो. जूनमधल्या एका ठरावीक रात्री ते गोळा करायला माणसं रानात जात. शेक्सपिअरच्या ‘चौथा हेन्री’ नाटकातले चोरसुद्धा या बियांची बढाई मारतात.

बी नव्हतंच. पानाच्या मागे तपकिरी ठिपके किंवा रेघा असतात, त्यांत पुडीसारखे बारीक कण असतात, ते बीजाणू. जमैकातल्या जॉन लिंडसे नावाच्या डॉक्टरने ही पूड ओल्या मातीवर टाकली आणि त्यातून नेचे उगवतात हे 1794 मध्ये छापून सांगितलं. पण उगवतात ते नेमके कसे, आणि ‘लग्न’ लागतं कुठे, हे कुणालाच समजलं नव्हतं.

काउल्फुस आला तो या काळात. जन्म लाइप्झिगचा, 8 एप्रिल 1786. नंतरचं आयुष्य हाले गावात, विद्यापीठातला प्राध्यापक म्हणून.

हाले हे नाव आपल्याला अगदीच परकं असायला नको. तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला 1706 मध्ये जे पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी उतरले, त्यांच्यामागे हालेची संस्था होती. तिथून पुढची शंभरेक वर्षं माणसं, पत्रं, औषधं, वाळवलेली झाडं यांची ये-जा हाले आणि तरंगमबाडीच्या दरम्यान चालू राहिली. हालेलाच शिकून आलेला ख्रिस्टियान फ्रीडरिश श्वार्ट्झ तंजावरला राहिला, आणि तंजावरच्या भोसल्यांचे दुसरे सरफोजी राजे लहानपणी त्याच्या देखरेखीखाली होते. आपण धार-देवासच्या पवारांचा वारसा सांगणारी माणसं. महाराष्ट्राबाहेरचं मराठीपण म्हणजे काय ते आपल्याला वेगळं सांगायला नको. त्या तंजावरकर मराठी राजाने आपल्या या पाद्र्याचं संगमरवरी स्मारक उभारलं, ते आजही आहे. एवढं विषयांतर पुरे. सांगायचं इतकंच की हालेच्या अभ्यासकांना दूरदेशीची झाडं नवी नव्हती.

जवळच्याच विटेनबर्ग गावात ख्रिस्टियान श्कूर नावाचा एक अवलिया होऊन गेला होता. हा विद्यापीठात यंत्रं दुरुस्त करणारा. त्याने लिनियसच्या त्या चोविसाव्या वर्गावरच ग्रंथ लिहायला घेतला, आणि नेच्यांची चित्रं स्वतः काढून स्वतःच तांब्याच्या पत्र्यांवर कोरली. म्हणजे काउल्फुसला नेच्यांचा नाद लागला त्याआधीच त्या मुलखात कुणीतरी वाट पाडलेली होती.

काउल्फुसने स्वतः जगप्रवास केला नाही. त्याच्यासाठी जग फिरून आला तो आडेलबर्ट फॉन शामिसो. आपला कवी तो हाच.

शामिसो जन्माने फ्रेंच, 1781 चा, शाम्पेन प्रांतातल्या सरदार घराण्यातला. क्रांतीत घरदार सोडून कुटुंब पळालं, मुलगा बर्लिनला वाढला, प्रशियाच्या सैन्यात अधिकारी झाला. मग नेपोलियनशी लढाई लागली. फ्रेंच माणूस जर्मन सैन्यात, समोर फ्रेंच. पुढे सैन्य सोडून तो बर्लिनला निसर्गशास्त्र शिकू लागला, आणि 1813 मध्ये पुन्हा युद्ध पेटलं तेव्हा एका स्नेही घराण्याच्या खेड्यातल्या वाड्यावर जाऊन राहिला. दिवसा झाडं गोळा करायची, उरलेल्या वेळात गोष्ट लिहायची. ती गोष्ट म्हणजे ‘पेटर श्लेमील’, 1814 ला छापून आली. एक गरीब तरुण एका करड्या कोटातल्या माणसाला आपली सावली विकतो. बदल्यात मिळते कधीच रिकामी न होणारी थैली. पैसा येतो, पण सावली नसलेल्या माणसाला कुणी दारात उभं करत नाही, मुलगी देत नाही. ज्याला कुठलाच देश पुरता आपला म्हणत नव्हता त्याने हे लिहिलं, हे लक्षात ठेवून वाचलं तर गोष्ट वेगळीच लागते.

आपल्या कामाचा भाग शेवटचा आहे. श्लेमीलला एका पावलात सात कोस टाकणारे जोडे सापडतात. माणसांत जागा नाही म्हणून तो ते जोडे घालून जगभर हिंडतो आणि झाडं गोळा करतो! गोष्ट छापल्याच्या दुसऱ्याच वर्षी, 1815 च्या ऑगस्टमध्ये, लेखक स्वतः रशियाच्या ‘रूरिक’ जहाजावर निसर्ग-अभ्यासक म्हणून चढला. ऑटो फॉन कोट्झेबू हा कप्तान, जहाज लहान, काम मोठं: उत्तर ध्रुवाच्या बाजूने समुद्रमार्ग सापडतो का ते पाहणं. मार्ग सापडला नाही. तीन वर्षांत ब्राझील, चिली, कामचाटका, बेरिंगची सामुद्रधुनी, कॅलिफोर्निया, हवाई, मार्शल बेटं, मनिला, आफ्रिकेचं टोक असं सगळं पाहून 1818 ला जहाज परतलं. हिंदुस्थान तेवढा राहिला.

त्या ओल्या, अडचणीच्या जहाजावर कागदात दाबून ठेवलेली हजारो झाडं. शामिसो एकटा सगळ्यांचा निकाल लावू शकत नव्हता, म्हणून ज्याचा ज्यात हात त्याला तो त्यातलं देत गेला. नेचे गेले काउल्फुसकडे.

हा व्यवहार मला फार आवडतो. एक माणूस जगभर भटकतो आणि दुसरा हालेच्या टेबलाशी बसून भिंग लावून त्याने आणलेली वाळकी पानं उलटी करतो. दुसऱ्याचं नाव कुणी प्रवासवर्णनात घालत नाही. पण पान हातात आलं आणि त्याची ओळख पटली नाही तर ते गवतच. 1824 मध्ये लाइप्झिगला काउल्फुसचं लॅटिन पुस्तक निघालं. लांबलचक नावाचा अर्थ असा: शामिसोने पृथ्वीप्रदक्षिणेत जमवलेल्या नेच्यांची यादी, आणि सोबत नेच्यांच्या सर्व प्रजातींवर व नीट न कळलेल्या पुष्कळशा जातींवर शेरे. यादी म्हटलं तरी वजन शेऱ्यांत आहे.

यादीतही मोलाचं काही कमी नाही. हवाई बेटांवर झाडाएवढे उंच नेचे होतात. त्यांच्या बीजाणूंवरचं झाकण लहान पेटीच्या झडपेसारखं दिसतं, म्हणून काउल्फुसने त्या प्रजातीला पेटी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘सिबोटियम’ म्हटलं, आणि त्यातल्या एका जातीला नाव दिलं शामिसोचं. तिथले लोक या नेच्याच्या खोडावरची रेशमी लव काढतात. एकोणिसाव्या शतकात ती उशा-गाद्या भरायला बोटी भरभरून बाहेर जात असे. हवाईचीच दुसरी एक नवी प्रजाती त्याने याच पुस्तकात ‘सॅडलेरिया’ म्हणून मांडली. तिथे लाव्हाचे दगड थंड झाले की पहिल्यांदा उगवणाऱ्या झाडांत ती असते. दगड काळा, पान हिरवं. माळव्याच्या काळ्या फत्तरात राहणाऱ्याला हे चित्र लगेच दिसेल.

शेऱ्यांमध्ये आपला चांदी नेचा आहे. फोर्सकोलने त्याला टेरिस म्हटलं होतं, ते का बदललं हे समजायला एक पान उलटून बघावं लागेल. टेरिसमध्ये पानाच्या कडेच्या आत बीजाणूंची सलग रेघ असते, आणि कड तिच्यावर दुमडलेली असते. आपल्या जुन्या भिंतींवर, नाल्याच्या कडेला जो लांब पात्यांचा नेचा सर्रास दिसतो तो टेरिस. त्याची रेघ साध्या डोळ्यांनी दिसते. चांदी नेच्यात कड दुमडलेलीच, पण आत रेघ नाही, वेगवेगळे ठिपके. पुढे ते वाढून एकमेकांना चिकटतात, म्हणून घाईने पाहणारा फसतो. अशा नेच्यांसाठी स्वीडनच्या ओलोफ स्वार्ट्झने ‘कायलँथिस’ ही प्रजाती आधीच केली होती. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ओठाशी फूल. काउल्फुसने फोर्सकोलचा नेचा टेरिसमधून काढला आणि इथे ठेवला. येमेनच्या डोंगरात मेलेल्या माणसाने दिलेलं ‘पिठूळ’ हे विशेषण मात्र तसंच राहू दिलं. तसा नियमच आहे, पण नियमातही एक माणुसकी असते. म्हणून नावात दोघं शेजारी शेजारी उभे आहेत.

तीन वर्षांनी, 1827 ला, त्याचं दुसरं पुस्तक आलं, या वेळी जर्मनमध्ये: नेच्यांचं मूळ स्वरूप, आणि खास करून त्यांचे फळ-भाग. आता तो नावांच्या पलीकडे गेला होता. बीजाणू असतात कसे, त्यांच्या पिशव्या फुटतात कशा, आणि बीजाणू रुजताना काय काय होतं याचं वर्णन त्यात आहे.

बीजाणू रुजतो तेव्हा लगेच नेचा उगवत नाही. आधी एक हिरवी, नखापेक्षा लहान, हृदयाच्या आकाराची पापडी जमिनीला चिकटून वाढते. तिला मराठीत पूर्वकायक म्हणतात. काही दिवसांनी तिच्याखालून पहिलं खरं पान वर येतं. त्या काळच्या अभ्यासकांना वाटे की ही पापडी म्हणजे घेवड्याच्या बीतून येणारं जाडसर पहिलं पान असतं तसं काहीतरी असावं. सगळं डोळ्यासमोर होतं. चूक पाहण्यात नव्हती, अर्थ लावण्यात होती.

काउल्फुस 9 डिसेंबर 1830 ला हाले इथे वारला. वय चव्वेचाळीस.

गंमत अशी, आणि थोडी हुरहूर लावणारीही, की त्या कोड्याचं उत्तर ज्या कल्पनेत होतं ती कल्पना त्याच्या मित्राच्या हाताशी होती. रूरिकवर असताना शामिसोने समुद्रात तरंगणारे साल्पा नावाचे काचेसारखे पारदर्शक प्राणी पाहिले. काही एकटे फिरतात, काही साखळीने. लोक त्यांना वेगळ्या जाती समजत. शामिसोने पाहिलं की एकट्याच्या पोटी साखळी जन्मते आणि साखळीतल्या प्रत्येकाच्या पोटी एकटा. म्हणजे लेकरू आईवर जात नाही, आजीवर जातं. 1819 ला त्याने हे छापलं. पुष्कळांनी ते मनावर घेतलं नाही. कवीची कल्पना, म्हणाले.

नेच्याचंही तेच आहे. पापडी ही एक पिढी, डोलणारा नेचा ही दुसरी. आळीपाळीने येणाऱ्या या पिढ्यांना एकांतरण म्हणतात. पापडीच्या खालच्या अंगाला नर आणि मादी अवयव असतात. नर-पेशी पोहत जाऊन मादी-पेशीला मिळतात. पोहायला पाणी लागतं, थेंबभर का होईना. म्हणून नेचा बावडीच्या आत, मांडूच्या ओल्या भिंतीवर, पावसाळ्यात. म्हणून तो माळावर नाही. लिनियसचं ते गुपचूप लग्न पाण्याच्या थेंबात लागतं.

हे तुकड्यातुकड्याने कळलं. नेगेलीला 1844 मध्ये पापडीवर नर-अवयव दिसले, सुमिन्स्कीला 1848 मध्ये मादी-अवयव. पुरी गोष्ट 1851 मध्ये विल्हेल्म होफमाइस्टरने मांडली, आणि ती फक्त नेच्यांची नाही, शेवाळापासून चीड-देवदारापर्यंत सगळ्या झाडांची म्हणून मांडली. होफमाइस्टर कधी विद्यापीठात शिकला नव्हता. लाइप्झिगला बापाची संगीताची पुस्तकं छापून विकायची पेढी होती, तिथे तो काम करी. दुकान उघडायच्या आधी पहाटे उठून भिंगाखाली बसे. दृष्टी इतकी जवळची की वस्तू डोळ्याला लावूनच बघावी लागे, आणि या कामाला नेमकी तीच उपयोगी पडली. पुस्तक आलं तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पुढे हायडेलबर्गने त्याला बोलावून प्राध्यापक केलं. त्याचा जन्म 1824 चा, लाइप्झिगचा. ज्या वर्षी, ज्या गावात काउल्फुसचं पुस्तक छापलं गेलं ते वर्ष आणि ते गाव. यात अर्थ काढायचा नाही, पण लक्षात राहतं.

ज्याला हे घरी करून पाहायचं असेल त्याला खर्च काहीच नाही. मागच्या बाजूला तपकिरी ठिपके पिकलेलं एक पान पांढऱ्या कागदावर उलटं-सुलटं नीट बघून ठिपके खाली येतील असं ठेवा, वर वही ठेवा. दुसऱ्या दिवशी कागदावर पानाची नक्षी पुडीने उमटलेली असेल. ही पूड उकळत्या पाण्याने धुतलेल्या भाजक्या विटेच्या तुकड्यावर झटका, वीट थाळीतल्या पाण्यात ठेवा, वरून काचेचा पेला. उन्हात ठेवू नका. काही आठवड्यांनी हिरवी पापडी दिसेल.

शामिसोचं पुढे बरं झालं. बर्लिनच्या वनस्पतीबागेत नोकरी लागली, कविता चालूच होत्या, शूमानने त्याच्या एका काव्यमालेला चाली लावल्या. शेवटच्या वर्षांत त्याने हवाईच्या भाषेवरही लिहिलं. काउल्फुसला मात्र मरणोत्तरही नीट सुख लागलं नाही. ब्लूमे नावाच्या डच नोकरीतल्या जर्मन अभ्यासकाने जावाच्या एका देखण्या नेच्याला 1828 मध्ये त्याचा मान म्हणून ‘काउल्फुसिया’ नाव दिलं होतं. पण तेच नाव आठ वर्षं आधी झेंडूच्या कुळातल्या एका झाडाला देऊन झालेलं होतं. एकच नाव दोघांना चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नियमाप्रमाणे ते काढलं आणि नेच्याला ख्रिस्टेनसेन या डॅनिश तज्ज्ञाचं नाव दिलं. श्लेमीलने सावली निदान पैसे घेऊन विकली होती!

आता आपल्याकडे येऊ. इंग्रज राजवटीत हिंदुस्थानच्या झाडांवर मोठमोठे ग्रंथ झाले. हूकरचा ब्रिटिश हिंदुस्थानचा ग्रंथ सात खंडांचा, कुकचा मुंबई इलाख्याचा 1901 ते 1908 मध्ये पुरा झाला. दोन्हींत फुलझाडं आहेत, नेचे नाहीत. चोविसावा वर्ग दाराबाहेरच राहिला. नेच्यांवर बेडमसारख्यांची वेगळी पुस्तकं होती, पण ती अख्ख्या हिंदुस्थानची. सह्याद्रीत फिरणाऱ्या विद्यार्थ्याने हातात काय घ्यावं?

1922 मध्ये मुंबईच्या तारापोरवाला यांनी ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक काढलं. लेखक फादर एथेलबर्ट ब्लॅटर आणि जे. एफ. डी’आल्मेडा. ब्लॅटर स्विस, जर्मन बोलणाऱ्या मुलखातले, जन्म 1877. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज 1869 मध्ये जर्मन जेझुइटांनी काढलेलं; तिथे 1903 मध्ये ते शिकवायला आले. वाळवलेल्या झाडांचा तिथला संग्रह त्यांनी सुरू केला, तो आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात सरकारने जर्मन पाद्र्यांना धरून नजरकैदेत ठेवलं आणि परत पाठवलं. संस्थेतली माणसं एका फटक्यात गेली. स्विस असल्यामुळे ब्लॅटर वाचले, आणि 1919 मध्ये प्राचार्य झाले. कॉलेज सावरायचं, विद्यापीठाची कामं, आणि त्यातच नेच्यांचं पुस्तक. सहलेखक भारतीय आहे हेही नोंदवायला हवं. काउल्फुसच्या वेळी झाडं दाखवणारी, वाट सांगणारी स्थानिक माणसं पुस्तकाच्या पानावर येत नसत. शामिसोने आपला कॅरोलिन बेटांवरचा मित्र कादू याच्याविषयी जिव्हाळ्याने लिहिलं, तो अपवाद.

1924 ला ब्लॅटरांनी प्राचार्यपद सोडलं, पण झाडं नाही. 1932 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने ब्रूल पदक सुरू केलं तेव्हा पहिलं त्यांना दिलं. 1934 च्या मे महिन्यात ते पुण्याला वारले.

त्यांच्या कामात एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मी पुन्हा चांदी नेच्याच्या नावाकडे गेले. मुंबईत बसून ब्लॅटरांनी एडनच्या झाडांवर पुस्तक लिहिलं, आणि मग सगळ्या अरबस्तानच्या झाडांचा मोठा ग्रंथ हाती घेतला. 1919 पासून तो भागाभागाने छापला जात होता, शेवटचा भाग त्यांच्या मृत्यूनंतर आला. अरबस्तानच्या झाडांवर काम करायचं म्हणजे फोर्सकोलच्या त्या 1775 च्या पुस्तकापासून सुरुवात करावी लागते, दुसरा इलाज नाही. ज्या मुंबईत नीबूर आपल्या सोबत्यांना गमावून पोचला होता, त्याच मुंबईत दीडशे वर्षांनी कुणीतरी फोर्सकोलची यादी ओळीने तपासत होतं.

चांदी नेच्याचं नाव मध्यंतरी पुन्हा हललं आहे. फे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने पिठूळ नेच्यांसाठी ‘अ‍ॅल्युरिटॉप्टेरिस’ ही वेगळी प्रजाती केली होती, ती आता बहुतेकांना मान्य आहे. आणि भारतातली पुष्कळ झाडं येमेनच्या झाडाहून निराळ्या जातींची आहेत असं सांगणारेही आहेत. त्यामुळे नव्या पुस्तकांत ‘काउल्फ.’ हा शब्द तुम्हाला जुन्या, बदललेल्या नावांच्या ओळीत, बारीक अक्षरांत सापडेल. तो तिथे बघावा. मांडूच्या भिंतीवरची मयूरशिखा हातात घेतली तर तिच्या नावाशेवटी आणखी एक जर्मन आहे, लिंक. शामिसोला बर्लिनच्या बागेत नोकरी लागली तेव्हा बागेचा प्रमुख हाच होता.